भिंतीवरची पाण्याची रेष

चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, मी तीस-बत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. सुरुवातीला ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन, नंतर कॉम्प्युटर. काम एकच, जे आहे ते, आहे त्या मापात कागदावर उतरवायचं. मला या कामाचा गर्व होता. नव्हता असं आता म्हणण्यात अर्थ नाही. हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी एकच धडा दिला. मोजलं नसेल तर काढायचं नाही, आणि मोजलं असेल तर कुणाला भिऊन बदलायचं नाही. हा धडा महागात पडला तो निवृत्तीनंतर, आणि मला नाही, एका आख्ख्या गल्लीला.

आम्ही तंजावरकडचे मराठी. आमची घरातली मराठी ऐकून पुण्याची माणसं गालातल्या गालात हसतात. ही लिहायची मराठी मी ऑफिसातल्या एका नागपूरच्या मित्राकडून आणि त्यानं दिलेल्या मासिकांतून उचलली. आवडीजवळच अंबत्तूरला घर बांधून आम्हाला वीस वर्षं झाली. घरापासून दहा मिनिटांवर एक एरी आहे. एरी म्हणजे पूर्वी शेतीसाठी बांध घालून केलेला मोठा तलाव. शेती कधीच गेली, शेड आल्या, वसाहती आल्या, आणि मधे एरी जमेल तेवढी उरली. तिच्या एका काठाला बैठ्या घरांची एक गल्ली होती. गल्लीच्या शेजारी उंच भिंत, आणि भिंतीपलीकडे अकरा मजल्यांची अपार्टमेंट्स. ती अजून आहेत.

मी निवृत्त झाल्याचं कळताच आमच्या भागातल्या रहिवासी संघानं मला पकडलं. वाचनालयाच्या मागं एक रिकामी खोली होती, तिथं मुलांसाठी पर्यावरणाचं केंद्र करायचं होतं. कुठल्याशा कंपनीनं तक्ते दिले होते. मी उलगडून बघितले तर हिमनद्या, ध्रुवावरची पांढरी अस्वलं, समुद्रातल्या पवनचक्क्या. खिडकीतून एरीची जलपर्णी दिसत होती, सांडपाण्याचा वास आत येत होता, आणि आम्ही पोरांना अस्वलं दाखवणार. मी ते तक्ते गुंडाळून कपाटावर टाकले ते आजतागायत तिथंच आहेत.

दर रविवारी सकाळी दहा-बारा पोरं यायची, बहुतेक त्या गल्लीतली. आम्ही एरीच्या चार काठांचं पाणी चार बाटल्यांत भरून खिडकीत ठेवलं. पक्ष्यांची यादी केली. मला इंग्रजी नावं पुस्तकातून माहीत होती, पोरांना तमिळ नावं आजीकडून, आणि कुठला पक्षी कुठल्या झाडावर झोपतो हे त्यांनाच ठाऊक होतं. बाटली कापून पाऊस मोजायचं भांडं केलं. खोलीत हळूहळू आमचं स्वतःचं सामान जमलं, आणि मला वाटलं, आता नकाशा करावा. ड्राफ्ट्समनला दुसरं काय सुचणार.

त्याला कारणही होतं. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरात ती गल्ली चार दिवस पाण्यात होती. एरीचं जादा पाणी वाहून नेणारा नाला बुजला होता. गल्लीतली माणसं तेव्हापासून तो मोकळा करा म्हणून ओरडत होती आणि सरकारी ऑफिसात कुणी दाद देत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, ओरडून होत नाही, कागद लागतो. पाणी कुठवर आलं ते मोजू, काढू, आणि समोर ठेवू. नाला कसा मोकळा होत नाही ते बघू. माझ्या या बोलण्यावर त्यांनी दारं उघडली.

पहिलं दार उघडलं ते सकाळी इडियप्पमची, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवयांची, गाडी लावणाऱ्या बाईनं. तिची मुलगी माझ्या रविवारच्या वर्गात होती, नववीत, आणि सगळ्यांत हुशार. दोन खोल्यांचं घर, वर सिमेंटचे पत्रे. बाईनं मला आतल्या भिंतीपाशी नेलं. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेष होती आणि रेषेवर हळदीचा टिळा, त्यात कुंकू. त्या गल्लीत बहुतेक घरांत ही रीत होती. पूर ओसरल्यावर बायकांनी भिंती धुतल्या, पण रेष पुसली नाही, तिला हळदकुंकू लावलं.

"एरी घरात आली, घरभर फिरली, कुणाला न नेता गेली," बाई म्हणाली. आमचं बोलणं तमिळमध्ये व्हायचं, इथं मराठीत देतो. "म्हणून टिळा. मोजा सर, नीट मोजा."

मुलीनं टेप धरला. जमिनीपासून तीन फूट दोन इंच.

पुढचे सहा रविवार आम्ही घराघरांत हिंडलो. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी मी आणली, तिच्यात पाणी भरून एरीच्या सांडव्याच्या पायरीपासून प्रत्येक खुणेची पातळी जुळवायला शिकवलं. मुलीला ते एकदाच सांगावं लागलं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकतं, हे ती दुसऱ्या पोरांना दरडावून सांगायची, अगदी माझ्या आवाजात. गल्लीतली माणसं आम्हाला बोलावून बोलावून नेत. आमच्याकडे जास्त होतं, या कपाटापर्यंत होतं, असा एकमेकांत वाद. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक असायला हवं होतं.

शेवटच्या रविवारी आम्ही अपार्टमेंटच्या फाटकाशी गेलो. वॉचमननं वर फोन लावला. सेक्रेटरींनी निरोप दिला, आमच्याकडे पाणीबिणी कधी आलेलं नाही, मुलांना आत सोडू नका. पोरं हसायला लागली. पुरात अपार्टमेंटच्या तळघरातल्या गाड्या तरंगत वर आल्या होत्या, ते सगळ्या गल्लीनं पत्र्यावर बसून बघितलं होतं.

मी घरी येऊन नकाशा काढला. मोठ्या कागदावर, स्केलमध्ये, हातानं. मोजलेल्या खुणा जोडल्या, आणि पाण्याची हद्द एका जाड निळ्या रेषेनं दाखवली. रेष सांडव्यापासून निघाली, गल्लीला वळसा घालून उंच भिंतीशी आली, आणि तिथं थांबली. पलीकडे माझ्याजवळ एकही माप नव्हतं.

मुलगी अक्षरं लिहायला आली होती. तिनं कागद बघितला आणि विचारलं, "सर, रेष इथं का थांबली? तिकडंपण पाणी होतं. आम्ही बघितलंय."

"बघितलं म्हणजे मोजलं नव्हे," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो, मला वाटतं.

पलीकडे निदान एक टीप टाकायला हवी होती, इथं मोजणी करू दिली नाही म्हणून. जागा होती. पण कागदावर गर्दी झालेली मला आयुष्यात कधी खपली नाही. त्या कोपऱ्यात मी उत्तर दिशेचा बाण काढला, आणि तो फार सुंदर आला.

वाचनालयात आम्ही प्रदर्शन भरवलं. बाटल्या, पिसं, पक्ष्यांची यादी, आणि मधोमध नकाशा. पाहुणे म्हणून एरीचं काम बघणाऱ्या ऑफिसातले एक इंजिनियर आले होते. चांगला माणूस, तरुण, चष्मेवाला. बाकीचं भरभर बघून तो नकाशापाशी थांबला आणि दहा मिनिटं हलला नाही. आमच्याकडेसुद्धा असा नकाशा नाही, सर, म्हणाला. मूळ कागद मिळेल का, म्हणून विचारलं. मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथं गुंडाळी करून, रबर लावून, मी तो त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी घरी सांगितलं तर बायको भाजी चिरायची थांबली. "मागितलें म्हणून देऊन टाकायचें कां? नाहीं म्हणतां येत नाहीं कां तुम्हाला?" आमच्या तंजावरी मराठीत तिचं रागावणंसुद्धा सौम्य ऐकू येतं. मी म्हणालो, तुला काय कळतं. नाला मोकळा होणार आहे.

पाच-सहा महिन्यांनी एरी मोकळ्या करण्याची मोहीम निघाली. एका सकाळी ती मुलगी माझ्या दाराशी आली, शाळेच्या गणवेशात, हातात कागद. गल्लीतल्या प्रत्येक दारावर नोटीस चिकटवली होती, एरीच्या पात्रातलं अतिक्रमण, अमुक दिवसांत खाली करा. पाठीमागं जोडलेली एक झेरॉक्स. मी चष्मा लावला आणि पहिल्यांदा ओळखलं ते आकडे. मी इंग्रजी चार वरून उघडा काढतो. त्या कागदावरचे सगळे चार वरून उघडे होते. त्यांनी माझी रेष जशीच्या तशी घेतली होती, फक्त तिला पुराच्या पाण्याची खूण न म्हणता एरीची हद्द म्हटलं होतं. गल्ली रेषेच्या आत. अपार्टमेंट्स बाहेर, कारण तिथं रेषच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तो फास मी स्केलमध्ये काढून दिला होता.

"सर, आता काय करायचं?" मुलीनं विचारलं. मी तिला सांगितलं की मी बोलतो त्यांच्याशी. तोवर तिला माझ्यावर भरवसा होता, म्हणून ती शाळेला गेली.

दोन दिवसांनी मी गल्लीत गेलो तर चुन्याचा वास. प्रत्येक घराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र. बायका-पुरुषांनी रातोरात चुना मारला होता. इडियप्पमवाल्या बाईच्या घरात डोकावलो, ती आतल्या भिंतीला दुसरा हात देत होती. टिळा दिसत नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ब्रश चालवायला लागली. तिनं पुसलेलं माझ्या कागदावर होतंच, इंचासकट.

सुनावणी सकाळी अकराला होती. गल्लीतली चाळीस-पन्नास माणसं प्लास्टिकच्या पिशव्यांत वीजबिलं आणि रेशनकार्डं घेऊन जिन्यात बसली होती. जमिनीचा पट्टा, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, कुणाकडेच नव्हता. टेबलामागं तोच इंजिनियर. मी अर्ज लिहून नेला होता, हा नकाशा मुलांच्या शिक्षणासाठी आहे, अपुरा आहे, कृपया वापरू नये. त्यानं तो वाचला, नम्रपणे बाजूला ठेवला, आणि मला बसायला खुर्ची दिली.

बाईचं नाव पुकारलं गेलं. ती पुढं आली, मुलगी तिच्या मागं.

"आमच्या घरात पाणी कधीच आलं नाही," बाई म्हणाली. आवाज अगदी सरळ. "पलीकडच्या रस्त्यावर आलं होतं. आमच्या उंबऱ्यालासुद्धा लागलं नाही."

इंजिनियरनं कागद फिरवून तिच्यापुढं केला. "इथं तीन फूट दोन इंच लिहिलंय."

"तो पोरांचा खेळ होता."

मग तो माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही तपासून सही केलीय. हा पोरांचा खेळ आहे, की माप आहे?"

मला उत्तर पाठ होतं. येताना बसमध्ये दहादा घोकलं होतं. खेळच होता, नळीत हवा राहिली असणार, या मापांवर विसंबू नका. एवढंच म्हणायचं होतं. बाई माझ्याकडे बघत नव्हती, पण मुलगी बघत होती. आणि त्या माणसानं माप आहे का असं विचारल्याबरोबर माझ्या आतलं काहीतरी ताठ उभं राहिलं. बत्तीस वर्षांत कुणी माझ्या मापाला खेळ म्हटलं नव्हतं.

"माप बरोबर आहे," मी म्हणालो.

मी घाईनं पुढं बोलायला लागलो, की पण ते अपुरं आहे, भिंतीपलीकडेही पाणी होतं, सगळ्यांनी बघितलं आहे, तिकडंही मोजा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्याचं माप आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"मग मी ते कसं लिहू, सर?"

बाईनं पिशवी उचलली आणि ती बाजूला झाली. एका वाक्यात मी तिला चारचौघांत खोटी पाडली होती. मी खोटं बोललो असतो तर घरं वाचली असती का, मला माहीत नाही. कदाचित पुन्हा मोजणी झाली असती, वर्ष-दोन वर्षं गेली असती, कुणी वकील मिळाला असता. मुलीची दहावी झाली असती. यातलं काहीच झालं नसतं असंही असेल. पण मी तेव्हा या कशाचा विचार करून बोललो नाही. मला फक्त माझं माप सांभाळायचं होतं. याची मला लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

पाडापाडी सकाळी सुरू झाली. माणसांनी आधी दाराच्या चौकटी काढून घेतल्या, मग पंखे, मग पत्रे. मी कडेला उभा होतो. कुणी मला शिव्या देईल अशी मी वाट बघत होतो. एका म्हाताऱ्यानं भिंतीवरचं घड्याळ काढलं, ठेवायला जागा दिसेना म्हणून माझ्या हातात दिलं आणि पुढच्या सामानाला गेला. दुपारपर्यंत मी ते घड्याळ धरून उभा होतो. वर अपार्टमेंटच्या बाल्कन्यांत माणसं होती. त्यांच्यातल्या काहींनी पाण्याच्या बाटल्या खाली पाठवल्या. इडियप्पमवाल्या बाईचं घर तिसरं पडलं. तिनं साचे आणि गाडीची फळी आधीच टेम्पोत ठेवली होती. मुलगी पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर दप्तर. तिनं या बाजूला मान वळवली नाही.

खोटं कशाला बोलू, एरी सुधारली. गाळ काढला, माझ्या रेषेपर्यंत पात्र रुंद केलं, नाला मोकळा झाला, काठानं चालायचा रस्ता आणि कठडा आला. हिवाळ्यात चित्रबलाक उतरतात, पूर्वी इतके नव्हते. उद्घाटनाचं बोलावणं मला आलं होतं, मी गेलो नाही. अपार्टमेंटच्या सेक्रेटरींचा फोन आला, आमच्या मुलांसाठी रविवारचा वर्ग घ्याल का, मुलं निसर्गापासून फार तुटली आहेत. मी फोन ठेवून दिला. त्यावरून बायको माझ्यावर रागावली नाही. ती हल्ली या विषयावर बोलतच नाही.

गल्लीतल्या माणसांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरकारी इमारतींत घरं दिली होती. मी चार महिन्यांनी गेलो. गेलो नसतो तरी चाललं असतं, असं तिथं पोचेपर्यंत वाटत होतं. एक लोकल, मग दुसरी, मग बस. सातवा मजला, लिफ्ट बंद. मुलीसाठी मी एक चांगली कंपासपेटी घेतली होती, ऑफिसात वापरायचो त्या दर्जाची.

बाईनं दार उघडलं. मला बघून ती दचकली नाही. बसायला खुर्ची दिली, कॉफी ठेवली. गाडी वर चढवता येत नाही, म्हणाली, आणि खाली लावली तर सकाळी गिऱ्हाईक नाही, कारण सगळेच कामासाठी पहाटे शहरात जातात. मुलीचं वर्ष बुडालं, कारण जवळच्या शाळेत दहावीला जागा नव्हती. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत बांगड्या वाजल्या, पण कुणी बाहेर आलं नाही. बाईनं कंपासपेटी हातात घेऊन बघितली आणि माझ्या पिशवीत परत ठेवली.

मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. माझी चूक झाली. त्या दिवशी मी खोटं बोलायला हवं होतं.

खाली कुठंतरी पाण्याच्या टँकरवर बायकांचं भांडण चाललं होतं.

"तुम्ही खरं बोललात त्याचा राग नाही मला," ती म्हणाली. "कॉर्पोरेशनचा माणूस येतो, वीजवाला येतो, निवडणुकीवाले येतात. घरात किती माणसं, पाणी कुठवर आलं, आम्ही कुणालाच कधी खरं सांगितलं नाही, सर. माझ्या आईनं तसंच शिकवलं होतं. तुमच्या वेळीपण मी कमीच सांगणार होते." तिनं लोटलेल्या दाराकडे बघितलं. "हीच म्हणाली, सरांना खरं सांग, नाहीतर रेष चुकते."